जलद आणि वेळेवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेल्या बाई आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा सेक्रेटरीबाईंनी यादीत माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठे व्याख्यान देण्याचा माझा आव नाही. मला जे कळले आहे, तेवढेच मी सांगणार आहे. विषय मात्र जरा नवलाचा आहे. संगणकाच्या पोटात कामे वेळेवर कशी होतात आणि कधीकधी का होत नाहीत, हा तो विषय.

तो माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगते. आमची थोरली पुण्याला एका कारखान्यात नोकरीला आहे. मोटारीच्या ब्रेकला हुकूम देणारा एक लहानसा संगणक असतो. त्याचे काम नेमून दिलेल्या वेळेच्या आत पुरे होते की नाही, हे पाहणे ही तिची नोकरी. आपल्यापैकीच काही जणी मला विचारतात, "अहो, एवढी इंजिनियर झाली आणि दिवसभर घड्याळ लावून बसते होय?" एक जण तर म्हणाल्या, "बाकीचे संगणक जलद करतात आणि तुमची लेक म्हणे त्याला अडवून धरते!" प्रश्न रागवण्यासारखा नाही. मीही तिला तेच विचारले होते. ती सुटीत घरी आली की मी खोदून खोदून विचारते, आणि कळले नाही की पुन्हा विचारते. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

संगणकाची कामे दोन जातींची असतात. एका जातीत उशीर झाला तर फक्त चिडचिड होते. फोनवर चित्र उमटायला दोन सेकंद जास्त लागले, तर आपण कपाळाला आठ्या घालतो आणि विसरून जातो. दुसऱ्या जातीत मात्र उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीच्या उत्तरासारखेच असते. मोटारीतली हवेची पिशवी घ्या. आपल्या देशात २०१९ सालापासून नव्या मोटारीत निदान चालकासमोर तरी ती असलीच पाहिजे असा नियम झाला. गाडी आदळली की ते ओळखून पिशवी फुगेपर्यंतचा सगळा कारभार सेकंदाच्या एक हजार भागांपैकी तीस ते पन्नास भागांत उरकावा लागतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पिशवी उत्तम फुगली, पण माणसाचे डोके चक्रावर आपटल्यावर फुगली, तर तिचा काय उपयोग? अशा कामाला ते लोक 'रिअल टाइम' काम म्हणतात. त्याला एक मुदत असते, आणि मुदत म्हणजे मुदत.

आता गंमत पाहा. मुदत पाळायची म्हणजे काम जलद करायचे, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. रोज नऊला येणारी मोलकरीण आणि कधी सातला तर कधी अकराला येणारी मोलकरीण, यांत सरासरी काढली तर दोघी सारख्याच. पण संसार सरासरीवर चालत नाही. अकराला येणारीच्या भरवशावर कोणी सकाळचा स्वयंपाक ठेवील का? ब्रेकच्या संगणकाचेही तसेच आहे. तो एरवी किती लवकर उत्तर देतो याला थोरली फारसे महत्त्व देत नाही. वाईटातल्या वाईट घटकेला त्याला किती वेळ लागेल, हे तिला आधी कळायला हवे असते.

हे गणित पूर्वी त्यातल्या त्यात सोपे होते, कारण संगणकाला काम करणारा मेंदू एकच असे. एका मेंदूकडे अनेक मुदतीची कामे असली तर ती कशी लावावी, याचा पक्का हिशेब लिऊ आणि लेलँड या दोन संशोधकांनी १९७३ साली मांडला. जे काम जास्त वेळा करावे लागते त्याला आधी मान द्यायचा, आणि मेंदूचा शेकडा ६९ पेक्षा जास्त वेळ गुंतवायचा नाही. मग कामे कितीही असोत, एकाचीही मुदत चुकणार नाही, असे त्यांनी सिद्ध केले. शेकडा ६९ नंतर मुदत चुकतेच असे नाही, पण मग प्रत्येक काम वेगळे तपासून घ्यावे लागते.

पुढे अडचण आली ती उष्णतेची. एका मेंदूचा वेग दरसाल वाढवता वाढवता तो इतका तापू लागला की पुढे जाणे कठीण झाले. तेव्हा कारखानदारांनी वेग वाढवण्याचा नाद सोडला आणि एकाच चकतीवर दोन मेंदू बसवले. आयबीएम कंपनीने असा प्रोसेसर २००१ साली काढला, आणि २००५ सालापासून घरच्या संगणकातही ते येऊ लागले. पुढे दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले. या मेंदूंना कोअर म्हणतात, आणि अनेक कोअर असलेल्या प्रोसेसरला मल्टिकोअर. पूर्वी एका मोटारीत ब्रेकला एक, इंजिनाला एक, दिव्यांना एक असे डझनावारी लहान संगणक असत, आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे भेंडोळे गाडीभर फिरत असे. आता तीच कामे थोड्या मोठ्या संगणकांत एकत्र आणण्याकडे ओढा आहे. वजन कमी, तारा कमी, पैसा कमी.

तुम्ही म्हणाल, मग बरेच झाले की! एकीच्या जागी चार सुना आल्या, कामे झटपट होतील. इथेच खरी गोम आहे. आपल्याकडे म्हणच आहे, सात सुगरणी आणि भाजी अळणी. भाजी अळणी होते हे आपल्याला ठाऊक होते. जेवायलाही उशीर होतो, हे एका गणितज्ञाने आकडे मांडून दाखवले. त्यांचे नाव रोनाल्ड ग्रॅहम. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ते होते. हे गृहस्थ चेंडू हवेत उडवून झेलण्याच्या खेळातही वाकबगार होते. त्यांनी १९६६ आणि १९६९ साली यावर लेख लिहिले. त्यांचेच आकडे घेऊन मी आपल्या मंडळाच्या जेवणाचा हिशेब केला आहे. जरा लक्ष द्या.

कामे नऊ आहेत, आणि ती या क्रमाने भिंतीवर लिहून ठेवली आहेत. पहिले, शिजलेल्या डाळीचे पुरण तयार करणे, ३० मिनिटे. दुसरे, ताटे-वाट्या धुऊन पुसणे, २० मिनिटे. तिसरे, जागा झाडून पाट मांडणे, २० मिनिटे. चौथे, खोबरे-कोथिंबिरीचे वाटण, २० मिनिटे. मग भरली वांगी, उसळ, कटाची आमटी आणि मसालेभात ही चार कामे, प्रत्येकी ४० मिनिटांची. नववे, पोळ्या, ९० मिनिटे. वाटणाशिवाय मधली चार कामे सुरू होत नाहीत, आणि पुरणाशिवाय पोळ्या होत नाहीत. चुली भरपूर आहेत. नियम असा की जी मोकळी होईल तिने यादीतले सुरू करण्याजोगे पहिले काम उचलायचे, आणि धरलेले काम एकटीने संपवल्याशिवाय सोडायचे नाही.

नऊ वाजता तिघी जणी कामाला लागल्या. एक पुरणाला, दुसरी ताटांना, तिसरी पाटांना. नऊ वीसला दोघी मोकळ्या झाल्या. दुसरीने वाटण घेतले. तिसरीला करण्याजोगे काहीच नाही, म्हणून ती बसून राहिली. साडेनऊला पुरण झाले, तसा तिने पोळ्यांचा तवा ठेवला. नऊ चाळीसला वाटण झाले, तेव्हा पहिली आणि दुसरी वांगी व उसळ यांना लागल्या, आणि दहा वीसला आमटी व भाताला. सगळे काम संपले बरोबर अकराला.

आता चौथी मदतीला आली. आनंदी आनंद! तिने नऊलाच वाटण घेतले, आणि नऊ वीसला तिघी मोकळ्या झाल्या. वाटण तयारच आहे, म्हणून तिघींनी वांगी, उसळ आणि आमटी घेतली. साडेनऊला पहिलीचे पुरण झाले. तिने यादी पाहिली तर पुढचे काम मसालेभाताचे. तिने तेच उचलले. पोळ्यांना हात लागला तो दहाला, आणि पोळ्या संपल्या साडेअकराला. म्हणजे एक हात वाढला आणि जेवण अर्धा तास लांबले.

बरे, चौथी नको. तिघीच राहू द्या, पण तिघीही चपळ आहेत असे समजा. प्रत्येक काम दहा दहा मिनिटे लवकर होते आहे. घरी गेल्यावर कागदावर मांडून पाहा. काम संपते अकरा दहाला! प्रत्येकीने घाई केली आणि सगळ्यांना उशीर झाला. ग्रॅहम यांच्या गणितातले हे आकडे आहेत, माझ्या पदरचे त्यात फक्त पुरण आणि वाटण.

म्हणून अनेक मेंदूंच्या संगणकात, एखादे काम जलद केले की सगळे लवकर संपेल, असे डोळे मिटून म्हणता येत नाही. आता यादीत पोळ्या वर आणा, म्हणजे पुरण झाले की आधी तवा ठेवायचा. चपळ तिघींचे काम दहा चाळीसला संपते. चौघी असल्या तर साडेअकराच्या जागी अकरा वाजतात. अकराच्या आत त्यांना ते संपवताच येणार नाही, कारण पुरण आणि पोळ्या मिळून दोन तास लागतातच. कोणते काम सर्वांत लांबचे आहे आणि ते कशावाचून अडते, हे आधी पाहणारे डोके तिथे हवे.

ही झाली क्रमाची अडचण. दुसरी अडचण सामाईक वस्तूंची, आणि थोरलीचा दिवस जास्त करून तिच्यात जातो. चाळीत प्रत्येकीची खोली वेगळी, चूल वेगळी, पण नळ एक. शेजारणीने नळावर गोधड्या धुवायला काढल्या की माझा भात राहतो. माझ्या घरात काहीही बिघडलेले नसते. मल्टिकोअरमध्ये नेमके हेच होते. कोअर वेगवेगळे, पण आकडे साठवण्याची मोठी कोठी सगळ्यांना मिळून एक, आणि तिच्याकडे जाणारी वाटही एकच. कोठी लांब पडते म्हणून जवळ एक छोटी फडताळासारखी जागा असते, तिला कॅश म्हणतात. फडताळात हवी ती वस्तू मिळाली तर प्रोसेसरच्या घड्याळाच्या मोजक्या ठोक्यांत काम होते. कोठीपर्यंत जावे लागले तर शंभराहूनही जास्त ठोके जातात. आणि हे फडताळही पुष्कळदा सामाईकच. माझी हळदीची पुडी मी पुढे ठेवावी, आणि शेजारणीने आपले डबे लावताना ती उचलून कोठीत टाकावी, असे तिथे सारखे चाललेले असते.

समजा, एक कोअर ब्रेकचे काम करतो आहे आणि त्याच चकतीवरचा दुसरा कोअर रस्त्याचा नकाशा रंगवतो आहे. नकाशावाल्याने कोठीत भराभर खेपा सुरू केल्या की ब्रेकवाला खोळंबतो. त्याचे काम जसेच्या तसे, एक अक्षरही बदललेले नाही, तरी त्याला वेळ जास्त लागतो. थोरली हेच तपासते. आधी ब्रेकचे काम एकटे चालवून वेळ टिपते. मग बाकीच्या कोअरना मुद्दाम कोठीवर तुटून पडायला लावते, आणि पुन्हा टिपते. दोन आकड्यांतला फरक कधी थोडा असतो, तर कधी कित्येक पट. मुदत त्या मोठ्या आकड्यालाही पुरली पाहिजे.

दुसऱ्याने वेळ चोरल्याची एक गोष्ट जगाला ठाऊक आहे. २० जुलै १९६९ रोजी माणसे चंद्रावर उतरत होती, त्या घटकेला त्यांच्या संगणकाने धोक्याची सूचना द्यायला सुरुवात केली. तो संगणक एकाच मेंदूचा. पण त्या वेळी ज्याची गरज नव्हती असे एक रडारचे यंत्र चालू राहिले होते, आणि ते संगणकाच्या स्मृतीकडे जाण्याच्या पाळ्या खात होते. कामे वेळेत संपेनात. तरी यान सुखरूप उतरले, कारण कोणते काम थांबले तरी चालेल आणि कोणते थांबून चालणार नाही, याची उतरंड आधीच लावून ठेवली होती. ती मूळ योजना हॅल लॅनिंग यांची. आणि त्या संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या तुकडीच्या प्रमुख कोण होत्या? मार्गारेट हॅमिल्टन नावाच्या एक बाई. महिला मंडळात हे सांगायला मला विशेष आनंद वाटतो.

दुसरी गोष्ट मंगळावरची. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान तिथे उतरले, आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. कारण आपल्याला पटकन कळेल. घरात पाटा-वरवंटा एकच. धाकटी त्यावर चटणी वाटते आहे. थोरल्या जाऊबाईंना घाईचे काम आहे, त्यांना पाटा हवा. धाकटी दोन मिनिटांत उठेल म्हणून त्या थांबल्या. तेवढ्यात मधलीने धाकटीला हाक मारून गप्पांत गुंतवले. वाटण अर्धे, पाटा अडकलेला, आणि मधलीमुळे थोरलीचे काम खोळंबले. यानात हवामान मोजण्याचे काम धाकटे होते, निरोप पाठवण्याचे मधले, आणि माहितीची देवाणघेवाण सांभाळण्याचे थोरले. थोरले काम वेळेत झाले नाही हे पाहून पहारेकरी यंत्रणा सगळा संगणक नव्याने सुरू करी. उपाय पृथ्वीवरून पाठवला. ज्याच्यासाठी थोरला थांबला आहे, त्याला पाटा सुटेपर्यंत थोरल्याचा मान द्यायचा, म्हणजे मधल्याला त्याला उठवता येत नाही. एवढ्याने घर सुरळीत झाले.

मल्टिकोअरवरचे उपायही असेच घरगुती शहाणपणाचे आहेत. फडताळाचे खण वाटून द्यायचे, कोणी दुसऱ्याच्या खणात हात घालायचा नाही. कोठीच्या खेपांचे रेशन बांधायचे. अमुक वेळात अमुक खेपा, त्या संपल्या की पुढच्या पाळीपर्यंत गप्प बसायचे. नळाच्या पाळ्या लावायच्या. लागणारे सगळे सामान आधी आपल्या खोलीत आणून ठेवायचे आणि मगच काम सुरू करायचे. आणि फारच नाजूक काम असेल तर तेवढा वेळ बाकीच्या कोअरना स्वस्थ बसवायचे. हा नळ, हे फडताळ विमानवाल्यांनीही मनावर घेतले आहे. विमानांना प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गटाने २०१६ साली मल्टिकोअरबद्दल एक टिपण काढले. पुढे २०२२ साली युरोपच्या आणि २०२४ साली अमेरिकेच्या विमान-नियामकांनी मार्गदर्शक सूचना दिल्या. सामाईक वस्तू कोणत्या, त्यांच्यामुळे एका कामाचा दुसऱ्याला अडथळा कुठे होतो, आणि तो कसा आवरला, हे बनवणाऱ्याने दाखवून द्यायचे.

यात काही फुकट जाते हे कबूल आहे. पाळी माझी असते आणि मला पाणी नको असते, तेव्हा नळ रिकामा राहतो. राखून ठेवलेला खण अर्धा मोकळा दिसतो. वरून पाहणाऱ्याला वाटते, एवढा जलद संगणक आणि याला बांधून घातला! त्या बाईंनी मला विचारले होते ते हेच. त्यांना माझे उत्तर असे की बाई, तो मोकळा खण आणि तो रिकामा नळ म्हणजे पाहुणा अवेळी आला तरी डब्यात असणारी मूठभर कणीक आहे. ज्या दिवशी तिची गरज पडते, त्या दिवशी ती बाजारात मिळत नाही. आपल्या गल्लीतली मुले त्या गाड्यांतून शाळेला जातात. नकाशा थोडा उशिरा उमटला तर त्यांचे काही बिघडत नाही.

भगिनींनो, थोरलीच्या कामाचे एक वैशिष्ट्य मला फार जवळचे वाटते. ते नीट झाले तर काहीच घडत नाही. गाडी थांबते, माणसे उतरतात, आपापल्या घरी जातात, आणि कोणी तिचे नाव काढत नाही. घरातल्या बाईच्या कामाचीही हीच तऱ्हा. वेळेवर ताट आले की घड्याळाकडे कोणी पाहत नाही. म्हणून तिच्या कामाला घड्याळ लावून बसणे म्हटलेले मला आता टोचत नाही. घड्याळ लावून बसणारे कोणी आहे, म्हणूनच बाकीच्यांना निर्धास्त बसता येते.

शेवटी एक सूचना मांडते. आपल्या मंडळाचे हळदीकुंकू असो की सहभोजन, "जितक्या जास्त जणी येतील तितके बरे" असे म्हणून आपण मोकळ्या होतो. याव. जरूर याव. पण आदल्या दिवशी दोन गोष्टी कागदावर लिहू या. सर्वांत लांबचे काम कोणते आणि ते कशावाचून अडते, ही पहिली. सगळ्या मिळून एकच असलेली वस्तू कोणती आणि तिची पाळी कोणाची, ही दुसरी. एवढे ठरले की मग चौथी येवो की चौदावी, तिचे स्वागतच आहे.

 मला नेमून दिलेली मुदत संपत आली आहे. ती पाळून मी माझे बोलणे पुरे करते.